विरहिणीच्या कवितेत प्रतिमा आणि भावना कशा वाचाव्यात: ‘घनु वाजे घुणघुणा’च्या निमित्ताने

एम. ए.ला मराठी घेतलेल्या एका विद्यार्थिनीने ज्ञानदेवांच्या ‘घनु वाजे घुणघुणा’ या विराणीवर, म्हणजे विरहिणीच्या तोंडच्या अभंगावर, उत्तर लिहिले होते. त्यातले मुख्य वाक्य असे होते: ‘कवीने निसर्गप्रतिमांच्या माध्यमातून विरहिणीची व्यथा अत्यंत प्रभावीपणे व्यक्त केली आहे.’ उत्तराला गुण कमी पडले आणि ‘वरवरचे’ असा शेरा मिळाला. गमावलेल्या प्रेमाच्या कवितेतील प्रतिमा आणि भावना यांचे विश्लेषण वरवरचे राहू नये यासाठी नेमके काय करायचे, असे तिने विचारले आहे.

मी पस्तीस वर्षे मराठी कविता शिकवली आहे आणि हेच वाक्य शेकडो उत्तरपत्रिकांमध्ये वाचले आहे. ते चूक नाही. त्याची अडचण अशी आहे की ते कोणत्याही विरहकवितेखाली चिकटवता येते. ज्या वाक्यातून कवितेचे नाव बदलले तरी काहीच बिघडत नाही, ते वाक्य त्या कवितेबद्दल काही सांगत नसते. म्हणून सामान्य नियम देण्याऐवजी मी हीच विराणी पुढे ठेवतो आणि ती कशी वाचतो ते सविस्तर लिहितो. ज्ञानदेवांच्या अभंगगाथेच्या निरनिराळ्या प्रतींत एखाददुसरा शब्द वेगळा आढळतो. मी पाठ करून बसलो आहे तो पाठ असा:

घनु वाजे घुणघुणा । वारा वाहे रुणझुणा । भवतारकु हा कान्हा । वेगी भेटवा का ॥
चांदु वो चांदणे । चापे वो चंदनु । देवकीनंदनु विण । नावडे वो ॥
चंदनाची चोळी । माझे सर्व अंग पोळी । कान्हो वनमाळी । वेगी भेटवा का ॥
सुमनाची सेज । सितळ वो निकी । पोळे आगीसारिखी । वेगी विझवा का ॥
तुम्ही गातसां सुस्वरे । ऐकोनि द्यावी उत्तरे । कोकिळे वर्जावे । तुम्ही बाइयांनो ॥
दर्पणी पाहता । रूप न दिसे वो आपुले । बापरखुमादेविवरे विठ्ठले । मज ऐसे केले ॥

पहिल्या वाचनात एक गोष्ट तपासावी: भावनेचे नाव घेणारे किती शब्द येथे आहेत? दुःख नाही, अश्रू नाहीत, मन नाही, हृदय नाही, विरह हा शब्दसुद्धा नाही. भावना थेट सांगणारा एकच शब्द सापडतो, ‘नावडे’, आणि तोही किती साधा, जेवणाच्या पानावरून उठताना म्हणावा तसा. तरीही कविता संपते तेव्हा ऐकणाऱ्याला जे जाणवायचे ते जाणवलेले असते. मग ती भावना कोठून आली, हाच विश्लेषणाचा प्रश्न आहे. ‘व्यथा व्यक्त केली आहे’ असे म्हटल्याने तो सुटत नाही, कारण त्या वाक्यात व्यथा आधी कोठेतरी तयार होती आणि कवीने नंतर तिच्यावर चंद्र, चंदन, कोकिळा असे अलंकार चढवले, असे गृहीत धरलेले असते.

माझी स्वतःची रीत अशी आहे की प्रतिमेतले नाम थोडा वेळ बाजूला ठेवायचे आणि क्रियापद पाहायचे. चंद्र, चांदणे, चाफा, चंदन, फुलांची शेज, कोकिळा ही सामग्री शतकानुशतके विरहकाव्यात आहे. संस्कृतात आहे, प्राकृतात आहे, लावणीत आहे आणि भावगीतातही आहे. त्यामुळे ‘कवीने चंद्राची प्रतिमा वापरली’ हे सांगून हाती काही लागत नाही. क्रियापदे मात्र या कवितेची स्वतःची आहेत. ती ओळीने मांडून पाहा: वाजे, वाहे, भेटवा, नावडे, पोळी, भेटवा, पोळे, विझवा, गातसां, द्यावी, वर्जावे, न दिसे, केले. नुसत्या या यादीतही एक वाट दिसते. सुरुवात बाहेरच्या जगाच्या आवाजांपासून होते, मग ते जग त्वचेला येऊन भिडते, जाळू लागते, मग आवाज नकोसे होतात, आणि शेवटी डोळ्यांना स्वतःचा चेहराही दिसत नाही.

आता पहिल्या ओळीकडे वळू. मेघ गडगडतो, गर्जतो. येथे तो ‘घुणघुणा’ वाजतो, म्हणजे दूरवर, दबक्या, सतत चाललेल्या आवाजात. वारा तर ‘रुणझुणा’ वाहतो. रुणझुण हा शब्द आपल्या कानाला पैंजणांचा आहे, आणि याच कवीने तो भ्रमरासाठीही योजला आहे, हे विसरता येत नाही. म्हणून ‘वारा म्हणजे पैंजण’ असे ठोकून मी लिहिणार नाही. पण एवढे निश्चित म्हणता येते की हे दोन्ही आवाज कोणीतरी येत असल्याचे भासवणारे आहेत, आणि त्यांच्यापाठोपाठ लगेच ‘वेगी भेटवा का’ ही विनवणी येते. म्हणजे पहिली ओळ ही पार्श्वभूमी नाही. ती चाहूल आहे, आणि चाहूल खोटी ठरणार आहे. कित्येक टीकाकार या घुणघुण्यात योग्याला ऐकू येणारा अनाहत नाद ऐकतात. तो अर्थ परंपरेला धरून आहे, त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

‘नावडे’नंतर येणाऱ्या चंदनाच्या चोळीपाशी मी वर्गात नेहमी थांबतो. चंदनाचा लेप उष्म्यावरचा जुना उपाय आहे, आणि विरहिणीला तो जाळतो हेही कवींनी पुष्कळदा सांगितले आहे. येथे नवे काय आहे? चोळी अंगाचा थोडासाच भाग झाकते, पण ती पोळते ‘सर्व अंग’. कारण आणि परिणाम यांचे माप जुळत नाही, आणि त्या न जुळण्यातच तिच्या दुखण्याचे स्वरूप आहे. शिवाय ‘चोळी’ आणि ‘पोळी’ या यमकाने थंडावा आणि दाह एकाच ध्वनीत आणून बसवले आहेत, दोन्हींमध्ये एका अक्षराचे अंतर उरते. आजच्या मुलांना ‘पोळी’ म्हटले की ताटातली पोळी आठवते, म्हणून ‘हात पोळला’ हे उदाहरण देऊन क्रियापद समजावून द्यावे लागते. एकदा एक मुलगा पटकन म्हणाला, ‘सर, चहाने जीभ पोळली की पुढे कशाचीच चव कळत नाही.’ त्याने सहज म्हटले, पण मागच्या कडव्यातला ‘नावडे’ आणि या कडव्यातला ‘पोळी’ यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने मला तोवर कोणी सांगितला नव्हता.

शेजेचे कडवे मात्र सगळ्या विराणीचा कणा आहे असे मला वाटते, आणि उत्तरपत्रिकांत ते एका वाक्यात उरकले जाते. ‘सुमनाची सेज सितळ वो निकी’ असे ती आधी मान्य करते. शेज शीतळ आहे, चांगली आहे, तिच्यात काही उणे नाही. आणि तीच शेज ‘पोळे आगीसारिखी’. विरहाने शेज तापली असे ती म्हणत नाही. शेज थंडच आहे आणि तरी पोळते आहे, दोन्ही गोष्टी ती एका दमात सांगते. म्हणजे जगात बिघाड नाही हे तिला पक्के ठाऊक आहे. बिघाड आपल्यात आहे हे जाणणारी ही बाई आहे, आणि हे भान असल्यामुळेच तिचा दाह अधिक खरा वाटतो. पुढे ‘आगीसारिखी’ ही उपमा आहे, ‘आगीसारखी’ म्हणजे खरी आग नव्हे. पण लगेच ती म्हणते, ‘वेगी विझवा का’. उपमा कोणाला विझवता येते? एका चरणात जी तुलना होती ती दुसऱ्या चरणात वस्तुस्थिती झाली. आणि काय विझवायचे ते तिने सांगितलेलेच नाही. शेज विझवायची, की तिला?

याच ठिकाणी रचनेकडेही पाहावे. ‘वेगी भेटवा का’ हे पालुपद दोनदा आले आहे. (हा ‘का’ प्रश्नाचा नाही, विनवणीचा आहे.) तिसऱ्यांदा तोच साचा येतो, पण ‘भेटवा’च्या जागी ‘विझवा’ बसलेले असते. भेट घडवा म्हणणारी आता निदान आग तरी विझवा म्हणते, किंवा भेटणे आणि विझणे तिच्या लेखी एकच झाले आहे. कवितेत दोन्हींना आधार आहे आणि उत्तरात दोन्ही लिहावेत. त्यानंतर मात्र ‘वेगी’ हा शब्द पुन्हा येत नाही. शेवटच्या दोन कडव्यांत घाई संपलेली आहे. भावना एकसारखी वाढत गेली असे आपण सहज लिहून जातो, पण या कवितेत ती चौथ्या कडव्यापर्यंत चढते आणि मग वेगळ्याच दिशेला वळते, आणि ते वळण केवळ एका क्रियाविशेषणाच्या नसण्यावरून हाती लागते. जे आहे त्याच्याइतकेच जे येईनासे झाले त्याच्यावर लक्ष ठेवावे.

ती कोणाशी बोलते आहे, हेही पाहायला हवे. ‘वो’ हे संबोधन सारखे येते, ‘बाइयांनो’ येते, म्हणजे भोवती सख्या आहेत. सगळ्या विनवण्या त्यांना आहेत. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे त्याच्याशी ती एकदाही थेट बोलत नाही. त्याची नावे बदलत जातात, कान्हा, देवकीनंदन, वनमाळी, विठ्ठल, पण तो सतत तृतीयपुरुषी राहतो. माझ्या मते या विराणीतला दुरावा व्याकरणात आहे, आणि कोणत्याही प्रतिमेपेक्षा तो अधिक खोल आहे.

सख्यांचे हे काम आपल्या भाषेच्या पूर्वपरंपरेतही दिसते. हाल या राजाच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत दोन गाथा आहेत. पहिलीत नवरा परगावी गेल्याच्या दिवशीच त्याची बायको ‘आज गेला, आज गेला’ असे म्हणत भिंतीवर रेघ ओढत राहते, आणि पहिला अर्धा दिवस सरायच्या आतच भिंत रेघांनी चितारून जाते. दुसरीत परतीचा ठरलेला दिवस जवळ येतो, तो येणार नाही अशी धास्ती सख्यांना वाटते, आणि त्या तिच्या नकळत भिंतीवरच्या दोन-तीन रेघा पुसून टाकतात. चंद्र नाही, चंदन नाही, रडणे नाही. भिंत, रेघ आणि पुसणारे बोट एवढेच आहे. पहिल्या गाथेत तिची भावना तिच्या हातात आहे. दुसरीत ती सख्यांच्या हातात आहे आणि तिला त्याची खबरही नाही. प्रतिमा म्हणजे सुंदर वस्तू, असे ज्यांच्या मनात बसले आहे त्यांना मी या दोन गाथा आधी वाचायला देतो.

‘गमावलेले प्रेम’ या शब्दांतही एक गाठ आहे, ती विश्लेषणाच्या सुरुवातीलाच सोडवावी. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण रस आणि विप्रलंभ (म्हणजे विरहाचा) शृंगार यांतला भेद सांगितला आहे: करुण निरपेक्ष असतो, विप्रलंभ सापेक्ष असतो. म्हणजे एकात पुन्हा भेटीची आशा तुटलेली असते आणि दुसऱ्यात ती शिल्लक असते. हा भेद पाठांतरासाठी नसून वापरण्यासाठी आहे. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष वर्षभराचा शाप भोगतो आहे, आणि विष्णू शेषशय्येवरून उठतील तेव्हा शाप संपेल, मधले चार महिने डोळे मिटून काढ, असा निरोप तो मेघाबरोबर दूरच्या पत्नीला पाठवतो. त्याच्याजवळ दिवस मोजण्याची सोय आहे, म्हणून त्याच्या प्रतिमा पुढे सरकतात, डोंगर, नद्या, नगरे ओलांडत जातात. कालिदासाच्याच रघुवंशाच्या आठव्या सर्गातल्या अज राजाजवळ ही सोय नाही. नारदाच्या वीणेवरून निसटलेली फुलांची माळ अंगावर पडून त्याची पत्नी इंदुमती गतप्राण झाली आहे, आणि ही माळ प्राण घेणारी असेल तर माझ्या छातीवर ठेवली असता मला का मारत नाही, असे तो विचारतो. येथे प्रतिमा कोठेही जात नाही. एकाच माळेभोवती फिरत राहते.

मग आपली विराणी कोणती? ‘भेटवा का’ म्हणते तोवर ती सापेक्ष आहे यात शंका नाही. पण शेवटच्या कडव्यात ती आशा तुटली, की भेट इतकी पूर्ण झाली की मागणेच उरले नाही? हा पेच या कवितेचे वैशिष्ट्य आहे आणि तो आरशात साठवलेला आहे.

आरशापर्यंत येताना आधीच्या वस्तू पुन्हा एकदा ओळीने पाहा: चंदन, चोळी, फुलांची शेज, गाणे, आणि मग दर्पण. ही सगळी प्रियकराच्या भेटीसाठी सजणाऱ्या स्त्रीची तयारी आहे. साहित्यशास्त्रात अशा नायिकेला वासकसज्जा म्हणतात. म्हणजे सुट्या सुट्या वाटणाऱ्या प्रतिमा एका सायंकाळच्या साजशृंगाराच्या क्रमाने आल्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर तो साज उलटतो आहे. शेवटी सजणे पुरे झाले का ते पाहण्यासाठी ती आरशासमोर येते आणि तेथे ‘रूप न दिसे वो आपुले’. पुष्कळ विद्यार्थी येथे लिहितात की तिला आरशात कृष्ण दिसला. तसे कवितेत नाही. कीर्तनात, निरूपणात ते ऐकलेले असते आणि ऐकलेले आपण वाचलेले समजतो. ओळ एवढेच सांगते की स्वतःचे रूप दिसत नाही. काय दिसते याबद्दल ती गप्प आहे, आणि ती गप्प आहे हेच लिहायचे असते.

आध्यात्मिक अर्थाचा प्रश्न येथेच येतो. विरहिणी म्हणजे जीव आणि कान्हा म्हणजे परमात्मा, हा अर्थ बाहेरून लादलेला नाही. पहिल्याच कडव्यात ‘भवतारकु’, म्हणजे संसारातून तारणारा, हा शब्द आहे. पण तो अर्थ पहिल्या परिच्छेदात सांगून टाकला की चंदन पोळायचे थांबते. मग प्रत्येक प्रतिमेचे भाषांतर सुरू होते आणि कविता वाचायची राहून जाते. माझा आग्रह असा की आधी बाईचे दुखणे बाईचे म्हणून पुरेपूर वाचावे. ते खरे वाटले तरच त्यातून वर जाणारा अर्थ खरा वाटेल. ज्ञानदेवांनी एवढ्या देहाच्या, एवढ्या त्वचेच्या प्रतिमा निवडल्या त्याला काही कारण असणारच. अतिवाचनाचा धोकाही तितकाच खरा आहे. शेवटी ‘बापरखुमादेविवरे’ असे येते, म्हणजे रखुमाईचा पती. विरहिणीच्या तोंडी दुसरीच्या नवऱ्याचा उल्लेख, असे वाचून मत्सरावर पानभर लिहिण्याचा मोह होतो. पण ही ज्ञानदेवांची नाममुद्रा, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारी त्यांची सही, आहे, ती इतर अभंगांतही याच जागी येते. त्यामुळे तिच्यावर मत्सराचा डोलारा उभारू नये. हा योगायोग टोचतो, एवढे म्हणायला हरकत नाही.

आधुनिक कवितेत असाच मोह चरित्राचा असतो. कवयित्री इंदिरा संत यांचे पती ना. मा. संत १९४६ साली वारले आणि १९५१ साली त्यांचा ‘शेला’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला, हे ठाऊक असल्यामुळे त्यांच्या कवितांवरची उत्तरे बहुधा वैधव्याच्या हकिकतीने सुरू होतात आणि तेथेच संपतात. ती माहिती भावनेचे मूळ कोठे असेल ते सांगेल. पाऊस, अंगण, दिवा या घरगुती गोष्टी एखाद्या विशिष्ट ओळीत काय करतात हे सांगणार नाही. ते ओळीतूनच शोधावे लागते.

आता विद्यार्थिनीच्या वाक्याबद्दल. त्याच्या जागी मी असे काहीतरी लिहिले असते: ‘या विराणीत शीतल मानल्या गेलेल्या वस्तू शीतल राहूनही पोळतात. “वेगी भेटवा का” या विनवणीची जागा “वेगी विझवा का” घेते, आणि त्यानंतर घाई थांबून कविता दाहाकडून स्वतःच्याच रूपाच्या अदृश्य होण्याकडे वळते.’ हे वाक्य दुसऱ्या कवितेखाली चिकटवता येणार नाही. त्यातला प्रत्येक दावा ओळीवर बोट ठेवून दाखवता येतो, आणि परीक्षकाला पटले नाही तर तो कोठे असहमत आहे तेही नेमके सांगू शकतो.

पुढचा परिच्छेद तिने स्वतः लिहावा, आणि तो ‘मज ऐसे केले’ यावर असावा. आधी ही ओळ दोनदा मोठ्याने म्हणून पाहावी: एकदा ‘विठ्ठले’वर जोर देऊन, तक्रार केल्यासारखी, आणि एकदा ‘ऐसे’वर थांबून, हरखल्यासारखी. दोन्ही वेळा ओळ साथ देते. ‘ऐसे’ म्हणजे कसे ते सांगायला तिच्याजवळ शब्द नाही, आणि आरशात तर काहीच दिसत नाही.